वाक्य पूर्ण झाल्याशिवाय बसायचं नाही

बाईंच्या वर्गात एकच कायदा होता: वाक्य पूर्ण झाल्याशिवाय खाली बसायचं नाही. प्रश्न विचारला की उभं राहायचं आणि पहिल्या शब्दापासून क्रियापदापर्यंत धडधाकट वाक्य बोलून मगच बूड टेकायचं. नुसतं "हो" म्हटलं की बाई विचारायच्या, "हो काय? कोण हो? कशाला हो?" मग घंटा होवो नाहीतर मधली सुट्टी जावो, कार्टं उभंच. एकदा मुख्याध्यापक दारात येऊन काहीतरी अर्धवट बोलले, तर बाईंनी त्यांनाही वाक्य पुरं करायला लावलं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण बाईंना ओळखणाऱ्या कुणालाच ते खोटं वाटत नाही.

बाई निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, पण कायदा काही निवृत्त झाला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. खिडकीतल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या, आणि चूक दिसली की काठी घेऊन जिना उतरायच्या. समोरच्या चष्मेवाल्याने त्यांच्यापायी पाटी इतक्यांदा रंगवून घेतली, की शेवटी वैतागून त्याने दुकानाचं नावच बदललं.

मग मुलाची मुलगी कॉलेजसाठी आजीकडे राहायला आली आणि घराचं रणांगण झालं. नात केस निळे करायची ते बाईंना चाललं. फाटकी पँट घालायची तेही चाललं. पण ती "मी आली", "मी त्याला बोलली", "आजी, माझी मदत कर ना" असं म्हणायला लागली की बाईंचं डोकं फिरायचं. तिच्या मेसेजमध्ये तर एक काना जागेवर नसायचा. बाई ते मेसेज दुरुस्त करून तिलाच परत पाठवायच्या. नात त्यावर हसरे चेहरे पाठवायची.

"आजी, तुला कळलं ना मी काय म्हणतेय? मग झालं तर!"

"कळायला काय, मांजर म्यावलं तरी कळतं," बाई म्हणायच्या. "माणसाने बोलावं."

असं चाललं असताना एका सकाळी बाईंच्या हातातला कप निसटला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांना तहान लागली होती. पाणी मागायला त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "खडू."

परिचारिका म्हणाली, "काय हवंय, आजी?"

"खडू," बाई पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी स्वतःचा आवाज नीट ऐकला. त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

डॉक्टरांनी बाईंना आणि नातीला समजावलं. यांना कळतं सगळं, पण हवा तो शब्द सापडत नाही, भलताच बाहेर येतो. चुकीचं का होईना, बोलत राहायला हवं. चुकत चुकतच बोलणं परत येईल. चुकत चुकत! आणि हे सांगताय कुणाला, तर बाईंना!

घरी आल्यावर हात थोडा हलू लागला, काठी धरून जिना चढता-उतरता येऊ लागला. शब्द मात्र एक नाही. बोलणं शिकवायला एक ताई यायची, चित्रं दाखवायची. मांजराचं चित्र पुढे धरून लाडात विचारायची, "हे काय आहे बरं?" ते मांजर आहे हे बाईंना या ताईच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं हो! पण ओठांशी 'डस्टर' येऊन बसला होता. तो त्यांना जाणवत होता. त्या दात आवळून बसायच्या, आणि ताई उसासा टाकून निघून जायची.

आता कुणी म्हणेल, किती तो हट्ट! हट्ट होताच. पण त्याच्या खाली निव्वळ लाज होती, आणि भीती. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या, तिला स्वतःच्या तोंडाची भीती वाटत होती.

मुलगा रजा काढून आला. माणूस वाईट नव्हता, आईवर जीव होता त्याचा. पण गप्प बसलेल्या माणसाच्या बाबतीत लोक जे करतात तेच त्याने केलं: आईसमोर आईबद्दल बोलायला लागला, जणू ती तिथे नाहीच. बायकोला फोनवर म्हणाला, "तिला फारसं काही कळत असेल असं वाटत नाही गं." मग ठरवून टाकलं. हे घर भाड्याने द्यायचं, मुलीला वसतिगृहात ठेवायचं आणि आईला आपल्याकडे न्यायचं. आईच्या खुर्चीशी वाकून त्याने मोठ्या आवाजात विचारलं, "आई, चालेल ना?" जरा थांबला, आणि स्वतःच म्हणाला, "चालेल." रविवारी घरं दाखवणारा एजंट यायचा होता.

नात बापाशी भांडली, हरली, आणि आजीसमोर जमिनीवर फतकल मारून बसली.

"आजी, तुला जायचंय?"

बाईंनी मान हलवली. नाही.

"मग बोल ना! मान हलवलीस तर बाबा म्हणतात तिला कळत नाही. मी इथे आली तेव्हापासून..."

बाईंची डावी भुवई आपोआप वर गेली.

"बघ! भुवई बघ!" नात उसळली. "लहानपणापासून मला टोकतेस. मी बसली का गप्प? रोज चुकते, रोज बोलते. आणि तू दोन वेळा चुकलीस तर तोंडाला कुलूप? घाबरट आहेस तू, आजी!"

घाबरट! बाईंना जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तोंड उघडलं, आणि सगळा जोर लावून त्या ओरडल्या, "डस्टर!"



"आलं!" नात म्हणाली. "अजून?"

"पंखा! वही! ग... गाढव!"

शेवटचा शब्द अगदी बरोबर होता. नात हसून हसून लोळली. बाईंनाही हसू फुटलं, वाकड्या तोंडाने का होईना.

रविवारी एजंट आला. दारात बूट काढले, मान वर केली आणि तिथेच थिजला. हा बाईंचाच जुना विद्यार्थी. वर्गात त्याला 'पणबाई' म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य "पण बाई" असं सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. अर्धी शाळा त्याने उभ्यानेच केली. आता पोट सुटलं होतं, हातात दोन फोन होते. दोन्ही फोन त्याने घाईघाईने खिशात घातले.

"बसा की," मुलगा म्हणाला.

"नको. बाईंसमोर सवय नाही," पणबाई म्हणाला.

मुलाने खोल्या दाखवल्या. नळ, खिडक्या, स्वयंपाकाचा ओटा. पणबाईने टेप काढून भिंत मोजायला घेतली. मुलगा म्हणाला, "आईची काहीच हरकत नाहीये."

खुर्चीपाशी काठी आपटली. बाई उठून उभ्या राहिल्या. चुकायचं, तेही पणबाईसमोर! नातीने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"मी..." बाई म्हणाल्या. "मी... घर..." आणि अडल्या. शब्दच सापडेना.

मुलगा धावला. "आई, त्रास नको करून घेऊस. बस तू, बस." त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, थांबा!" पणबाई एकदम ओरडला. "बाईंचं वाक्य पूर्ण व्हायचंय अजून."

मुलाचा हात खाली आला. त्याचंही लहानपण याच कायद्यात गेलं होतं.

"हा घर माझी," बाई म्हणाल्या.

ज्या वाक्यासाठी त्यांनी एखाद्याला आठवडाभर उभं ठेवलं असतं, ते वाक्य त्यांनी मान ताठ ठेवून भर खोलीत म्हटलं. आणि एकदा म्हटल्यावर मग काय!

"मी जाणार... नाही. जिना मी उतरतो. चढतो. पोरगी... आहे. खाली च... चष्मा माणूस आहे. पाटी अजून... चूक. मी इथे राहणारा. मला विचार... विचारला नाही कुणी." त्यांनी काठी मुलाकडे रोखली. "तू पाहुणा. जेव. जा."

आणि शुद्धलेखन घालताना म्हणत तसं, खणखणीत, एक अक्षर न अडखळता त्या म्हणाल्या, "पूर्णविराम."

मग त्या खाली बसल्या.

पणबाईने टेप गुंडाळली. "साहेब," तो मुलाला म्हणाला, "ही जागा भाड्याने द्यायची नाहीये." बाईंना वाकून नमस्कार केला आणि बूट हातात घेऊनच जिना उतरला.

मुलगा आईसमोर बसला. त्याचे डोळे भरले होते. "आई, तुला सगळं कळत होतं?"

बाईंनी नुसती भुवई वर केली.

"मग मी रोज फोन करेन. बोलशील?"

"बोलतो," बाई म्हणाल्या.

तो आत तोंड धुवायला गेला, आणि नातीने आजीच्या गळ्यात हातच टाकले. "आजी, भारी! लय भारी! 'हा घर माझी'! आता मला टोकायचं नाही हां कधी. सगळ्यांना कळलं ना? मग झालं तर!"

बाईंनी तिचे हात सोडवले आणि बोट वर केलं. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला. नातीने तोंडात शब्द घातला नाही, वाट बघितली.

"माझा... आजार," बाई म्हणाल्या. मग ते बोट नातीच्या नाकासमोर आलं. "तुझा आळस."

आणि काठीने तिला खूण केली: उभी राहा.