टर्बोच्या रेडिएटरातलं पाणी

हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगाया लागलो की मला आजून राग येतो. चूक माझी हाय, कबूल. पण राग येतो त्याला मी काय करू?

आमची बीडकडं, कडा गावात ट्रकांची सहकारी सोसायटी. त्या साली पाऊसच न्हाई, तर ऊस कुठला? कारखाना बंद आन सोसायटीचा नवा कोरा टर्बो ट्रक दारात नुसता उभा. शेवटी आमच्या चेअरमन अण्णांनी श्रीनगरचं कांद्याचं भाडं धरलं आन किल्ली माझ्या हातात दिली.

"अंकुश, सोसायटीकडं एवढा एकच नवा ट्रक हाय. त्याला काय झालं तर तुझं स्टेअरिंग सुटलं समज."

म्हणलं, "अण्णा, टर्बो हाय. त्याला काय होतंय?"

काश्मिरात पोचलो तर काझीगुंडला बर्फानं रस्ता बंद. ट्रकांची ही लांब रांग. आन थंडी कसली म्हणता? चहा कपात वतला की प्यायच्या आधी गार. मिशीवर बर्फ! बायकोनं वळखलं नसतं मला.

दिवस कलताना काय झालं, माझ्या म्होरं एका सरदारजीचा ट्रक उभा होता. गडी खाली वाकला, रेडिएटरचा नळ सोडला आन सगळं पाणी धोधो रस्त्यावर!

माझं टाळकंच फिरलं. आमच्या गावात टँकर आठ दिवसांनी येतो. एका घागरीपायी सख्ख्या जावा एकमेकींशी बोलत न्हाईत. आन हा बाबा चांगलं पाणी मातीत घालतोय! मी बादली घेऊन पळत गेलो आन त्या नळाखाली धरली.

"सरदारजी, पाणी कावून सांडता?" बोलणं हिंदीतच झालं. आपलं बीडचं हिंदी, कुठंबी चालतंय.

"रात्री ह्याचा बर्फ होतो. बर्फ फुगून इंजन फोडतो. तू बी सोडून दे."

"आमी पाणी सांडत न्हाई."

"सकाळी परत भर की बाबा. शेजारी नदी वाहतीया."

"नदी हाय म्हणून माजायचं का?"

त्यानं हात जोडले. बाकीचे ड्रायव्हर खाली उतरून गंमत बघाया लागले. एक म्हणला, मग निदान रातभर इंजन तरी चालू ठेव. म्हंजे जागच्या जागी सोसायटीचं डिझेल जाळू? मला तर ते पाण्याहून जास्त लागलं. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "हा टर्बो हाय. ह्याची ऊब सकाळपस्तोर निवत न्हाई."

खरं सांगू का? टर्बोबद्दल मला एवढंच ठावूक होतं की ते दारावर लिव्हलेलं हाय.

तरी मनात थोडी धाकधूक होतीच. म्हणून माझी घोंगडी काढून रेडिएटरला गुंडाळली. ट्रक घोंगडीत आन मी केबिनमदी दात वाजवत बसलो.

सकाळी किल्ली मारली तर नुसता कुरकुर आवाज. सरदारजीनं बॉनेट उघडून मला आत दाखवलं. रेडिएटर दोन जागी उकललेला, आन इंजनाच्या ब्लॉकला बोट जाईल एवढा तडा. बरं, त्यानं हसावं का न्हाई? न्हाई हसला. उलट मला गरम चहा आणून दिला. मला लई राग आला. हसला आसता तर भांडता तरी आलं आसतं.

अण्णांना फोन लावला. "अण्णा, पाण्यानं इंजन फुटलं."

"पूर आला का काय?"

"न्हाई, रेडिएटरातलंच पाणी. त्याचा बर्फ झाला."

"मग सोडून का दिलं न्हाईस?"

"अण्णा, तुमीच सांगा, पाणी कसं सांडू?"

अण्णांनी फोन आपटला.

गावात मीटिंग भरली. सभासद म्हणले, ह्याला आजच्या आज काढा. अण्णा म्हणले, "ट्रकवर हा नको. पण पाण्याच्या टँकरवर ह्याच्यासारखा माणूस गावायचा न्हाई." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! काश्मीरपस्तोर टर्बो नेलेला माणूस मी, आन मला तो खटारा टँकर. अपमान हो, दुसरं काय? पण घर चालवायचं होतं, घेतली किल्ली.

आन चालवला बी असा की रस्त्यात एक थेंब पडला न्हाई. बाया तोंडभरून नाव काढाया लागल्या. चौथ्या दिवशी चढावर इंजनातून धूर निघाला आन टँकर जाग्यावर बसला. मेस्त्रीनं टोपण उघडलं, तर रेडिएटर ठणठणीत कोरडा.

"अंकुशराव, मागं दहा हजार लिटर पाणी घेऊन फिरताव, आन म्होरं दोन बादल्या घालता आल्या न्हाईत?"

"लोकांच्या वाटणीचं पाणी हाय ते," मी चिडून म्हणलं. "त्याला मी हात कसा लावू?"

अण्णांनी आता मला हापिसात खुर्ची दिलीया. येईल त्याला दाखवून सांगतात, हिला रेडिएटर न्हाई.