बारा नंबरचा खिळा

विनायक गेला ही बातमी मला दुकानात, एका बाईंना पडद्याचं कापड मोजून देताना समजली. शनवारा भागातून आलेला ओळखीचा ट्रॅक्टरवाला पायरीवरूनच म्हणाला, लेथवाला विनू गेला, सकाळी. मी मीटरपट्टी कापडावर टेकवून तसाच उभा राहिलो. सात मीटर झाले होते की आठ, काही केल्या आठवेना. बाई चांगल्या होत्या, पुन्हा मोजा म्हणाल्या, मला घाई नाही. मी पुन्हा मोजलं, कापलं, घडी करून दिली आणि मगच शटर ओढलं. मित्र गेल्यावर माणूस धावत जातो. मी इतवाऱ्यातल्या त्याच्या घरापर्यंत पायी, सावकाश गेलो. त्या घराची पायरी चढायची मला पंचवीसेक वर्षं भीतीच वाटत आली आहे.

आता सव्वा महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर चार शब्द लिहा असं मला सांगितलं गेलं, कारण गावात त्याचा सगळ्यात जुना मित्र मीच. पण चार शब्दांत भागायचं नाही. विनायकचं नाव निघालं की आजही लोक म्हणतात, कारागीर एक नंबर होता, पण एकदा मोठा चुकला. तो चुकला नव्हता. हे मी त्याच्या हयातीत बोलायला हवं होतं, बोललो नाही, आणि आता गेलेल्या माणसाच्या फोटोखाली लिहितो आहे. वाचणाऱ्याने मला जे म्हणायचं ते म्हणावं.

विनायक माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. इतवाऱ्यात त्याचा लोखंड कातायचा लेथ होता, एका खोलीत मावेल एवढाच, आणि काम मुख्यतः लूमचं. बऱ्हाणपुरात तेव्हा गल्लोगल्ली यंत्रमाग खडखडायचे. आमचेही होते. कुठल्या मागाचा दात तुटला, चाक झिजलं, की विनूकडे न्यायचं. त्याची एक खोड होती. नवं चाक कापलं की एका दातावर पंचने बारीक खूण करायचा आणि तिथून बोटाने दात मोजत एक फेरी पूर्ण करायचा, मोठ्याने, शाळेतल्या पोरासारखा. आम्ही चिडवायचो, विनूभाऊ, पाढे पाठ करता का? तो मोजणं संपेपर्यंत उत्तर द्यायचा नाही. जोडीच्या चाकांचे दात एकमेकांच्या पटीत येऊ द्यायचे नाहीत, हाही त्याचाच नियम. ठरावीक दात ठरावीक दातावरच येत राहिला तर दोघंही खड्डे पाडून झिजतात. तो म्हणायचा, रोज तोच शेजारी भेटला तर भांडण होतंच. हसायचा मात्र नाही.

नव्वदच्या दशकात बाजार उघडला तसं बाहेरचं कायकाय यायला लागलं, आणि माझ्या डोक्यात मातीवरच्या मोटारसायकल रेसचं भूत शिरलं. पुण्याच्या एका रेसरने खेळ सोडला, त्याची परदेशी टू-स्ट्रोक गाडी मी उचलून आणली. अडीचशे सीसीची, हलकी, आणि स्वभावाने खुनशी. इंजिन हळू फिरत असलं की झोपलेली असायची आणि फेऱ्या वाढल्या की सगळी ताकद एकदम, एका झटक्यात अंगावर टाकायची. पहिल्याच दिवशी तिने मला केळीच्या बागेत दोन सऱ्या ओलांडून फेकलं. ती चालवण्याजोगी केली विनायकने. इंजिनाला त्याने हातही लावला नाही. त्याचं सगळं लक्ष साखळी ज्यांवर फिरते त्या दोन चाकांवर. कारखानदार स्प्रॉकेट म्हणतात, आमच्याकडे गरारी. पुढची छोटी इंजिनाला, मागची मोठी चाकाला. पुढची लहान केली किंवा मागची मोठी केली तर ओढ वाढते, वेग मरतो. एवढं कुणालाही कळतं. विनायकला त्यापुढचं कळत होतं.

मला ओढ हवी होती. जवान होतो, वाटायचं चढावर सगळ्यांच्या आधी आपण. मी म्हणत होतो, मागे पन्नास दात कर. त्याने सत्तेचाळीस कापले, पुढे चौदा ठेवले. मी तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणाला, "हिच्यापाशी जोर भलता हाये, सुधीर. तुले अजून जोर कायले पाहिजे? हाये तो जमिनीवर टेकव." कमजोर गाडीला ओढ द्यावी लागते, जोरदार गाडीला लगाम, एवढी साधी गोष्ट. पण माझ्या डोक्यात हवा गेली होती. तापीच्या कोरड्या रेतीत चाकं रुतायची, म्हणून तिथल्या सरावासाठी त्याने पुढची एक बारा दातांची गरारी कापून दिली आणि बजावलं, ही फक्त रेतीत. घट्ट मातीवर लावशील तर गाडी मागच्या चाकावर उभी राहील. सराव संपला की ती गरारी त्याच्याकडे परत जायची.

ती रेस धूलकोटकडच्या माळावर होती. चढ, वर टेबलासारखा सपाट माथा, लगेच डावीकडे वळण. विनायक कुठल्याही रेसला गेला की सकाळीच चपला हातात घेऊन सगळा मार्ग अनवाणी चालायचा. माती किती घट्ट, कुठे भुसभुशीत, हे त्याला तळव्यांनी कळायचं. मग गिअर जिथे बदलावा लागेल त्या जागी उभा राहायचा आणि रेसभर तिथून हलायचा नाही. आवाज ऐकायचा. गरारी बरोबर आहे की नाही हे त्याला कानांनी कळायचं. त्या दिवशी तो मार्ग चालायला गेला आणि मी त्याच्या पेटीतून बाराची गरारी काढली.

मी काय विचार केला ते आज सांगतो, म्हणजे माझ्या अकलेचा अंदाज येईल. मी लूमवाल्याचा मुलगा. मागावर कापडाची वीण दाट करायची तर एक चाक बदलायचं. त्या चाकाचा एक दात वाढला की इंचात एक धागा वाढला, दोन वाढले की दोन. दात म्हणजे दात, हे माझ्या हाडात मुरलेलं. मला मागे दोन-तीन दात जास्त हवे होते, ती गरारी जवळ नव्हती, मग पुढचे दोन कमी केले तर तेच झालं की! असं मला वाटलं. तेच नसतं. पुढचं चाक लहान, तिथले दोन दात म्हणजे मागचे जवळजवळ आठ. हे विनायकने मला आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण इतकं न कळणारा माणूस गाडी चालवेल असं त्याला वाटलं नसावं. मी गरारी बदलली, मागचं चाक सरकवून साखळी ताणली, वरचं झाकण लावलं, हात पुसले. तो परत आला तेव्हा मी हेल्मेट घातलेलं होतं. त्याने माझी पाठ थोपटली आणि माथ्यावर जाऊन वळणाशी उभा राहिला.

चढ मी खरंच सगळ्यांच्या आधी चढलो. माथ्याच्या थोडं आधी गाडीने ती सगळी ताकद टाकली आणि पुढचं चाक उचललं. उचललं ते खाली येईना. ॲक्सिलरेटरची मूठ सोडायची तर मी मागे लोंबकळलो आणि मूठ उलट आणखीच पिळली गेली. मी पाठीवर पडलो. गाडी माझ्याशिवाय पुढे गेली… विनायक पळाला नाही. बहुतेक तो आवाजच ऐकत होता. इतका चढा आवाज चौदाच्या गरारीचा नाही हे त्याला कळलं असणार, आणि कळेपर्यंत गाडी त्याच्या उजव्या गुडघ्यावर आली.

मला खरचटलं होतं, बाकी काही नाही. पडलेल्या गाडीचं झाकण निघालं होतं, बाराची गरारी सगळ्यांनी पाहिली. संध्याकाळी दवाखान्यात विनायकच्या खाटेभोवती रेसवाले, माझे थोरले भाऊ, त्याचे वडील असे उभे होते आणि रेसवाल्यांपैकी एकाने सरळ विचारलं, ही गरारी बसवली कोणी? विनायकने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसता वाट पाहत होता. थोरले भाऊ शेजारी होते, रेसला त्यांचा पहिल्यापासून विरोध, सगळे बघत होते. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही, पण त्याने मला पुरेसा वेळ दिला. मग म्हणाला, "मीनं बसवली. अंदाज चुकला माझा."

एवढंच. त्याच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. गाडी टेम्पोतून घरी आली तेव्हा मी ती गरारी काढली, खिशात घातली आणि तापीच्या पुलावर जाऊन खाली टाकली. पाण्यात पडल्याचा आवाजही आला नाही. रेसच्या नावाने त्या दिवसापासून कानाला खडा लावला. लोकांना वाटलं, विनूच्या चुकीने पोरगा घाबरला. मी तसंच वाटू दिलं.

त्याआधी इंदूर-नाशिकची रेसवाली मुलं त्याच्याकडे गरारी कापायला यायची. ती बंद झाली. सरळच आहे, ज्याच्या चुकलेल्या अंदाजापायी माणूस मरता मरता वाचतो त्याच्याकडे कोण जाईल? त्याला ओळखणाऱ्या एकाने तरी विचारायला हवं होतं की पुढचे दात आणि मागचे दात यांत विनू कसा चुकेल. कुणी विचारलं नाही. गुडघा वाकायचा बंद झाला. तो उंच स्टुलावर बसून, एक पाय आडवा ताणून लेथ चालवायचा. पुढे गावातले लूमही कमी झाले. पण खूण करणं, बोटाने मोजणं, मोठ्याने मोजणं तसंच राहिलं.

दर दसऱ्याला मी त्याच्याकडे सोनं द्यायला जायचो. त्या दिवशीची हत्यारांची पूजा तो चुकवायचा नाही. भिंतीवर खिळ्यांची रांग होती, प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात आकडा, आणि तेवढ्या दातांची नमुन्याची गरारी त्यावर टांगलेली. दसऱ्याला सगळ्या पुसून, खुणेच्या दातावर हळदकुंकू लावलेलं असायचं. अकरा, मग बाराचा रिकामा खिळा, मग तेरा. मी दरवर्षी ते बघायचो आणि आपट्याची पानं त्याच्या हातात देऊन दुसरीकडे बघायचो. एका वर्षी ठरवूनच गेलो होतो. विनूभाऊ, एक बोलायचं होतं, एवढं तोंडातून निघालंही. तेवढ्यात कुणी पंपाचं काम घेऊन आला आणि… मला किती हायसं वाटलं, ते आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते. ते गिऱ्हाईक गेल्यावर विनायक म्हणाला, हं, काय म्हणत होता? मी म्हणालो, काही नाही, चहा मागवा.

शेवटच्या काळात त्याला शुगर झाली. त्याच पायाला, गुडघ्याखाली जखम झाली आणि ती भरली नाही. पाय काढला, तरी वाचला नाही. मी दोनदा भेटायला गेलो, दोन्ही वेळा खोलीत माणसं होती. माणसं नसती तरी मी काही बोललो असतो अशी फुशारकी मारणार नाही.

तेरावं झाल्यावर विनायकच्या पत्नी, शोभावहिनी, म्हणाल्या, या, एकदा खोली बघून घ्या, लेथ काढायचा आहे, आठवण म्हणून काही हवं तर न्या. खोलीत तेलाचा वास तोच होता. स्टूल होतं, पाय टेकवायचा लाकडी ठोकळा होता. भिंतीवर सगळ्या गराऱ्या होत्या आणि बाराचा खिळा रिकामा. मी तिकडे बघतोय हे वहिनींनी पाहिलं. म्हणाल्या, त्यावर काही टांगू द्यायचे नाहीत. पोरानं एकदा पान्हा अडकवला तर केवढे चिडले. मी एकदा ह्यांना म्हटलं, बाराची नवी कापून का नाही टाकत? तर म्हणाले, आहे ती, सुधीरपाशी आहे, आणून देईल.

मग मात्र मी सांगितलं. उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत सांगितलं. की ती बसवली मी होती, विनूभाऊंनी नव्हे. की ती माझ्यापाशी नाही, त्याच संध्याकाळी तापीत टाकली. वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"बसवली कोणी ते मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "नदीचं माहीत नव्हतं. त्यांना तरी सांगायचं होतं ना भाऊ. दर दसऱ्याला, तुम्ही यायच्या आधी, ते तो खिळा पुसून ठेवायचे."