आईची पावशी आणि भाऊजींची धार

केशोरी गावात बोथट वस्तू आज औषधालाही सापडायची नाही, आणि याचं सगळं श्रेय माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, म्हणजे आमच्या भाऊजींना आहे. चाकू, कोयता, कातर, अडकित्ता, काही म्हणजे काही त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. एक वस्तू मात्र दोन वर्षं त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून त्यांना वाकुल्या दाखवत होती. ती म्हणजे ताईची पावशी. विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात. ही पावशी मूळची आमच्या आईची. आई गेल्यावर ताईनं माहेरचं दुसरं काही मागितलं नाही, तेवढी एक फडक्यात गुंडाळून केशोरीला नेली.

भाऊजींना हा नाद उतारवयात लागला. शेती मुलाच्या हाती सोपवली आणि मोबाइल स्वतःच्या हाती घेतला. त्यात कुणीतरी टमाट्याचे कागदासारखे काप करताना दिसलं, आणि आठ दिवसांत मुठीएवढं, दोन फटींचं धार लावायचं यंत्र घरी आलं. फटीत पातं घालायचं आणि ओढायचं, एवढंच काम. पण भाऊजी ते देवपूजेच्या तन्मयतेनं करत. धार तपासायला ते हातावरचे केस कापून बघत, त्यामुळे त्यांचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत आणि उजवा अस्वलाचा. घरातला पेपर त्यांच्यानंतर वाचणाऱ्याला पट्ट्यापट्ट्यांनी वाचावा लागे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की पाण्याच्या आधी चाकू मागत. आमच्या भागातल्या प्रतापगडच्या यात्रेत एका काकडीवाल्याच्या सुरीला धार लावत ते इतके रमले, की ताई एकटीच दर्शन करून खाली उतरली तरी यांचं चालूच. "बापा, देव का कुठी पळून राहिला? याची सुरी पाह्य कशी झाली होती!" असं वर तिलाच सुनावलं.

मग दिवाळीनंतर धानाची कापणी आली. मुलाला मदत करावी या सद्हेतूनं भाऊजींनी घरचे सातही इळे, म्हणजे विळे, त्या यंत्रातून ओढून काढले, रात्री ओळीनं मांडले आणि समाधानानं झोपले. आता धान कापायच्या इळ्याला करवतीसारखे बारीक दात असतात, त्या दातांनीच धानाचा बुंधा धरला जातो, हे भाऊजींना लहानपणापासून ठाऊक. पण नादापुढे अक्कल गहाण पडते. सकाळी बांधावर कापणीवाल्या बाया जमल्या. त्यांतल्या म्होरक्या बाईनं इळ्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "दादाजी, याचे दात कोनं पाडले? आता धानाची कापनी करू का हजामत?" सगळ्या बांधभर हसू उसळलं. अर्जुनीहून नवे इळे येईपर्यंत अर्धा दिवस गेला. मुलानं ते यंत्र फळीवर सगळ्यात उंच ठेवून दिलं.

यानंतर ताईच्या पावशीचा विषय संपला असं आम्ही समजलो. ती आधीच हात लावू देत नव्हती. "धार म्हंजे लोखंड खानं," ती म्हणायची. "आईनं जलमभर घासली, आता बोटभर उरली हाय. तुमचं यंत्र दोन महिन्यात संपवन. मंग मी काय पाहू?" तरी भाऊजी पावशी मागतच. मला त्यांचा राग यायचा. आईची एवढी एकच वस्तू उरली, आणि या माणसाला तिच्यावर प्रयोग सुचावेत! एकदा मी सरळ विचारलं, "भाऊजी, काऊन मागं लागले त्या पावशीच्या?" त्यांनी स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली केला. "बाबू, तिचं मनगट मोडलं होतं ना, ते अजून दुखते. बोथट पावशीवर कोहळं दाबते तवा दात खाते ते. मले बाहेर बसल्या आयकू येते." मी मान खाली घातली. सख्खा भाऊ असून मला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

यंत्र फळीवर गेल्यावर त्यांनी दगड आणला. भंगारवाल्याकडून एक गंजकी पावशी आणली आणि ओसरीवर बसून पुढचा सगळा पावसाळा तिच्यावर हात बसवला. चाकू दगडावर फिरवतात, पण पावशी जागची हलत नाही, तिच्यावर दगडच फिरवावा लागतो. जोर दिला की लोखंड जातं, नाही दिला की धार येत नाही. बोटं कितीदा कापली ते त्यांनी सांगितलं नाही. पट्ट्या दिसत होत्या. ताई येता-जाता बघायची आणि पुढे जायची.

गेल्या महिन्यात मी गेलो, तेव्हा तिनं आपणहून आईची पावशी आणून त्यांच्यापुढे ठेवली. "हळू," एवढंच म्हणाली. भाऊजींनी दगड भिजवला आणि असा फिरवला, जणू झोपलेल्या लेकराचं तोंड पुसत आहेत. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे हात, की पुरे. मग ताईनं कोहळं घेतलं आणि नुसतं टेकवलं. फोड खाली पडली. तिनं दुसरी कापली, तिसरी कापली, जेवणाला लागणार नव्हतं तरी अख्खं कोहळं कापून काढलं. मी कान देऊन होतो. दात खाल्ल्याचा आवाज आला नाही.

"किती झिजली?" तिनं शेवटी विचारलं.

भाऊजींनी पातं उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं. "आपल्या दोघाईले पुरन," ते म्हणाले.

ताईनं मान हलवली आणि फोडी पाण्यात टाकल्या. मी त्या बोटभर पात्याकडे बघितलं, मग त्या दोघांच्या पांढऱ्या डोक्यांकडे, आणि मनातल्या मनात आईला म्हटलं, जरा जास्तच पुरू दे.