मठातली शेवटची खोली

अक्का माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माहेरी येऊन तिनंच मला सांभाळलं. स्वतःहून कधी कुठं न्या म्हणणारी ती नव्हे, पण मागच्या हिवाळ्यात एकदा म्हणाली, "मला तेवढा मठ दाखीव. अप्पांच्या मेंढरांमागं जायची मी तिथं." अप्पा म्हणजे आमचे वडील.

निर्णा गावाच्या पुढं, माळावर आहे तो पडका मठ. जीप आम्हाला फाट्यावर सोडून गेली आणि आम्ही फुलावर आलेल्या तुरीच्या कडेनं चालत निघालो. मठाचं छत कधीच कोसळलंय, खांब तेवढे उभे. मागच्या अंगाला साधूंच्या खोल्या एका रांगेत, दारं इतकी बुटकी की वाकूनच आत शिरावं लागतं. आत गारवा, आणि पारव्यांचं घुमणं.

शेवटच्या खोलीपाशी अक्का थांबली. "ही माझी."

"तुझी? कामून?"

"लगीन करायचं न्हाई, हितंच गप बसून राहायचं, असं ठरवलं व्हतं मी. अप्पांना सांगितलं तर हसले. मग उन्हाळ्यात लगीन लावून दिलं."

मी वाकून खोलीत पाहिलं.

"तू बस जरा भाईर," असं म्हणून ती आत गेली.

मी एका खांबाला टेकले. ऊन अंगावरून सरकत राहिलं. मिटल्या डोळ्यांपुढून मेंढरं जात होती, त्यांच्यामागून एक परकरी पोर, आणि तिला वाट देत बाजूला होणारं कुणीतरी भगव्या कपड्यातलं. मी जागी होते की नव्हते, सांगता येत नाही.

बऱ्याच वेळानं आत डोकावले. अक्का फरशीवर, गाल दगडाला टेकवून, गाढ झोपली होती. दिवसा झोपलेली अक्का मी कधी पाहिलीच नव्हती. फोटो काढायला आलेली कॉलेजची पोरंपोरी हसत खोल्यांकडं वळली, तसं मी ओठांवर बोट ठेवलं. पोरंही चपला हातात घेऊन निमूट मागं फिरली.

"उठवायचं न्हाई व्हय गं?" बाहेर येत अक्का म्हणाली. तिच्या गालावर दगडाचे वळ उठले होते.

"अक्का, खरंच जमलं असतं तुला हितं राहायला?"

"व्हय," ती लगेच म्हणाली. "जमलं असतं."

मग आम्ही सावलीत बसून भाकरी खाल्ली. मी तिला वाढत गेले आणि ती, कधी नव्हे ते, सावकाश जेवत राहिली.