आत्याचा मुतखडा

दुष्काळाचं वर्ष होतं. गंगापूरजवळ आत्याच्या गावात दिवसाआड टँकर यायचा. आम्ही शहराच्या कडेला नव्या कॉलनीत राहायला आलो होतो; तिथंही नळाला पाचव्या दिवशी पाणी. कुशीत कळ येऊन आत्या वाकडी झाली तेव्हा तिला जीपमधून आमच्याकडे आणलं. मी कॉलेजात होते, म्हणून दवाखान्यात सोबत मीच.

क्रांती चौकाजवळचे ते डॉक्टर तरुण होते. सोनोग्राफी पाहून त्यांनी कागदावर मूत्रपिंड काढलं, खाली नळी, नळीत एक ठिपका.

"मावशी, खडा छोटा आहे. औषध आणि भरपूर पाणी घेऊन महिनाभर वाट बघता येईल. नाहीतर दुर्बिणीनं काढू. तुम्हाला काय बरं वाटतं?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मलाही नवल वाटलं. डॉक्टर असं विचारतात होय?

"डॉक्टर तुम्ही का मी? तुम्हीच सांगा की."

"सांगतो. पण तुमचं घर मी पाहिलेलं नाही. दिवसाला तीन लिटर पाणी पिणं जमेल?"

मला वाटलं, ती व्हय म्हणून मोकळी होईल.

"नाय जमायचं. प्यापुरतं पाणी हाय. पण पिलं की जावं लागतं. आमच्याकडं बायांनी उजाडायच्या आत जायचं, नायतर अंधार पडल्यावर. मी दिवसा पाणी पीतच नाय."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

किती सुट्ट्या तिच्याकडे काढल्या होत्या मी! हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आता आत्याच विचारू लागली. "थांबलं तर किडनी खराब व्हईल का?"

"ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच यायचं. एरवी थोडं थांबायला हरकत नाही."

"मग पंधरा दिवस भावाकडं ऱ्हाते, तिथं संडास घरातच हाय, पाणी पिते. नाय पडला तर काढा."

"ठरलं," डॉक्टर म्हणाले.

खडा काही पडला नाही. दुर्बिणीनंच काढावा लागला. मी तिला विचारलं, "पहिल्याच दिवशी काढला असता तर एवढे दिवस वाचले नसते का?"

"तवा लई भ्या वाटत हुतं," ती म्हणाली. "आता मी म्हनलं काढा, मग काढला."

गावी गेल्यावर तिनं घरामागं संडास बांधायचा धोशा लावला. तिचे यजमान राजी व्हायला दिवाळी उजाडली.