दिवेलागणीला घरी जाणारा योद्धा

आकाराम हवालदार म्हातारपणी जुगाराला लागले, ही बातमी कडेगावात पहिल्यांदा फुटली ती शालूबाईंच्या गच्चीवरून. त्यांची गच्ची हवालदारांच्या माडीला खेटून. दर रविवारी दुपारी माडीवर फासे खडखडतात, सांगलीहून मोटार येते, आणि मधूनच कुणीतरी "मेला, मेला!" म्हणून आनंदानं ओरडतं, एवढं शालूबाईंनी सांडग्यांवरचे कावळे हाकता हाकता ऐकलं. बाकीचं गावानं घातलं. बातमी चावडीपाशी पोचली तेव्हा हवालदारांनी विहिरीकडचा ऊस डावावर लावला होता, आणि एसटी स्टँडवर पोचेतोवर ते तो हरलेही होते.

खरं सांगायचं तर त्या फाशांवर कधी कुणी चहाचा कपसुद्धा लावला नव्हता. माडीवर चालायची ती गोष्ट. टेबलाभोवती तीन-चार माणसं बसायची. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी चोर, कुणी मांत्रिक, कुणी योद्धा. संकट समोर आलं की ज्यानं त्यानं आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं का फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवणार, आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. गोष्ट सांगायचं काम हवालदारांच्या लेकीचं, संयोगिताचं. ती पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. सांगलीचा दातांचा डॉक्टर निमिष हा चोर. कडेगावच्या शाळेतल्या दीपमाला मॅडम मांत्रिक. चौथा गडी नोकरीसाठी दुबईला गेला, आणि खुर्ची रिकामी पडली.

त्या खुर्चीवर आकारामना कुणी बसवलं नाही. चहाचा ट्रे द्यायला म्हणून ते वर गेले आणि खाली उतरायचं विसरले.

निमिषनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. सहा फूट उंची, दाराला आडवी लागेल अशी छाती, मिशा अशा की शेजारच्या म्हशीनंही वाट द्यावी. "काका तर योद्धाच!" तो म्हणाला. "यात विचारायचं काय?"

विचारायचं काय, हेच आकारामच्या बाबतीत जन्मभर झालेलं. अठराव्या वर्षी चुलत्यानं सुतळीनं छाती मोजली आणि भरतीला पाठवलं. पुढं गावानं ठरवलं की फौजी म्हणजे मोठ्यानं बोलणार, रम पिणार, मटणावर तुटून पडणार. आकारामना रमच्या वासानंसुद्धा मळमळायचं. तरी सुट्टीवर येताना ट्रंकेत बाटल्या असायच्या, कारण गावाला फौजी पाहिजे असायचा, आकाराम नव्हे. आता माडीवरही तसंच झालं. चोराचं, मांत्रिकाचं कुणी त्यांना विचारलंही नाही. दोन हाती कुऱ्हाड मिळाली आणि गोष्ट सुरू झाली.

"डोंगरात एक दगडी दार आहे," संयोगिता म्हणाली. "आतून गुरगुर ऐकू येतेय. आबा, तुम्ही काय करता?"

आकाराम ताठ बसले. "हुकूम काय हाय, सर?"

लेकीला "सर" म्हटल्यावर दीपमाला मॅडमना चहाचा ठसका लागला.

"हुकूम नसतो आबा. तुम्हीच सांगायचं, काय करायचं ते."

आकारामनी फासा हातात घेतला, परत ठेवला. मग म्हणाले, "किती वाजल्यात?"

"चार वाजायला आले."

"हितलं न्हवं. गोष्टीत."

"गोष्टीत... संध्याकाळ होत आलीय."

"मंग माझा गडी घरी जातो."

"घरी?" निमिष खुर्चीतून अर्धा उठला. "काका, दारात राक्षस आहे! तुम्ही योद्धा आहात!"

"आसंल की. दिवेलागणीला घरी जानारा योद्धा हाय त्यो. कुऱ्हाड हाय न्हवं, वाटंत चार लाकडं बी फोडून न्हील चुलीला."

चोर खो खो हसला. मांत्रिक हसली. हसली नाही ती फक्त गोष्ट सांगणारी. तिनं जंगलात धुकं आणलं, योद्ध्याची वाट चुकवली आणि त्याला परत त्याच दगडी दारापाशी आणून सोडलं.

पुढच्या रविवारी नदीला पूर आला. त्याच्या पुढच्या रविवारी पूल तुटला. मग लांडगे आले. आकाराम दर वेळी तेच सांगायचे, माझा गडी घरी जातो. फासा टाकायचे, आणि फासा पडो न पडो, वाट कुठं ना कुठं अडायचीच. राक्षस, भुयार, सात तोंडांचा नाग, असलं काहीही डोळ्यांची पापणी लवायच्या आत उभं करणारी आपली पोरगी एक साधं घर उभं करायला इतकी का अडखळते, हे आकारामना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण लढाईत रेटायची सवय असलेल्या माणसानं इथं काही रेटलं नाही. ते नुसतं दर रविवारी परत घराकडं निघायचे.

शेवटी एका रविवारी फासा पडला वीस. असा पडला की पूर, लांडगे, सगळं बाजूला, वाट एका झटक्यात मोकळी. निमिषनंच टाळी वाजवली. "सोड आता, संयोगिता! जाऊ दे त्यांना. आमचा राक्षस कंटाळला."

संयोगितानं पाण्याचा घोट घेतला. "घर आलं," ती म्हणाली.

"घरात कोण हाय?"

"बायको आहे. चुलीपाशी. आणि एक मुलगी. सहा वर्षांची."

"मला वळखती का?"

"फासा टाका."

चार पडले. "नाही ओळखत," संयोगिता म्हणाली. "आईच्या पदरामागं लपली. आणि दारात तुमचा चुलत भाऊ आलाय. म्हणतो, सुट्टीवर आलाईस, आज जेवण आमच्याकडं. कोंबडं कापलंय. उद्या मामांकडं, परवा सोसायटीच्या चेअरमनकडं."

आता हे कुठल्या राक्षसांच्या मुलखातलं नव्हतं. आपल्याकडं फौजी सुट्टीवर आला की घरोघरी त्याला जेवायला बोलवायची रीत. नाही म्हटलं की भाऊबंद रुसतात, सोयरे टोमणे मारतात. आकाराम दोन महिन्यांची सुट्टी घेऊन यायचे आणि गावभर जेवत फिरायचे. घरी त्यांचं ताट तेवढं वाढलेलं असायचं, झाकून. परत जायच्या दिवसांत कुठं पोरगी जवळ यायला लागायची, तोवर ट्रंक बांधायची वेळ व्हायची.

"त्याला सांगा, आज घरी जेवतो," आकाराम म्हणाले.

"भाऊ रागावला. म्हणतो, फौजी झालास म्हणून माजलास व्हय रं?"

"व्हय म्हनावं. लय माजलोय."

निमिषला हसू आवरेना.

"मामांचा निरोप आलाय."

"मामास्नी बी सांगा."

"चेअरमन स्वतः आलेत, गाडी घेऊन."

"गाडीला वळवायला जागा हाय का बघा म्हनावं, अंगनात."

संयोगिताची सगळी माणसं संपली. ती टेबलावरचे फासे एका बाजूला सारत बसली. मग, आवाज अगदी सूत्रधाराचा ठेवून, तिनं विचारलं, "ठीक. गेले सगळे. आता तुम्ही काय करता?"

"उंबऱ्यापाशी बसतो."

"किती वेळ?"

"ती पदराआडनं भाईर येईस्तवर."

"ती लवकर नाही यायची, आबा."

"येऊ दे सावकाश. मला कुटं डूटी हाय."

निमिषनं फासा आपल्याकडं ओढला. "काका, तुम्ही बसा. राक्षसाचं आम्ही बघतो." आणि चोर आणि मांत्रिक दोघंच त्या दगडी दारातून आत गेले. त्यांची जी काही धूळधाण उडाली ती शालूबाईंच्या गच्चीपर्यंत ऐकू गेली. मांत्रिकाचा मंत्र चोरालाच लागला. राक्षसानं दोघांना खांबाला बांधलं. या सगळ्या आरडाओरड्यात आकाराम हात मांडीवर ठेवून बसलेले. त्यांचा गडी तिकडं उंबऱ्यावर.

आणि ऐन रणधुमाळीत, राक्षसाची गदा वर उचललेली असताना, संयोगिता मध्येच म्हणाली, "आबा, ती मुलगी पदराआडून बघतेय."

"बघू दे," आकाराम म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. संयोगितानंही त्यांच्याकडं बघितलं नाही. तिनं गदा खाली आणली.

संयोगिताची आई अंजनाबाई चहाचे कप न्यायला वर आल्या होत्या, त्या जिन्याच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या होत्या. कधीपासून, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरं राक्षसाशी भांडत असताना त्यांनी नवऱ्यापुढचा कप उचलला आणि हलक्या आवाजात टोमणा मारला, "आवं, लडाई टाकून घरात बसायला फासं कशापाय लागत्यात? घर खालीच हाय की."

आकारामनी मिशीवरून हात फिरवला.

"खाली हाय ते आत्ताचं घर, अगं. मला तवाच्या घरी जायचं हाय, आन तिकडं एस्टी जात न्हाई."