मी मागितलेला कौल

एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून मी आगरदांड्याजवळच्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा माझ्याकडे हिंमत भरपूर होती. लहान मच्छीमार होड्यांसाठी बॅटरीवर चालणारी मोटर बनवायची, हे माझं बरेच दिवसांचं स्वप्न होतं. वडिलांचं आयुष्य जेटीवर डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं आणि त्या आवाजानं म्हातारपणी त्यांचे कान गेले. त्यामुळे हे काम आपलंच आहे, असं मला वाटायचं. पण पहिली मोटर जळाली, दुसरी खाऱ्या पाण्यानं गंजली, आणि बरोबर आलेला मित्र पुण्याला परत गेला. बायको शाळेत शिकवून घर चालवत होती. ती कधी एका शब्दानं बोलली नाही, पण संध्याकाळी तिच्या नजरेला नजर देणं मला जड जाऊ लागलं.

अशातच जुन्या साहेबांचा फोन आला. जागा रिकामी आहे, आठवड्याभरात कळव, म्हणाले. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी गावदेवीच्या देवळात गेलो. आमच्याकडे अडल्यानडल्याला देवीला कौल लावतात. मूर्तीला फुलं चिकटवायची आणि कुठल्या बाजूचं फूल आधी पडतं ते बघायचं. मला पुजाऱ्यांसमोर तसा कौल लावायची लाज वाटली. मी मनातच देवीला म्हणालो, ‘येत्या चाचणीत ही तिसरी मोटर चालली तर राहीन. बंद पडली तर तुझी परवानगी समजून नोकरीवर परत जाईन.’ आता आठवलं की वाटतं, मी देवीआईशीही कंपनीतल्यासारखा करार करत होतो.

चाचणीसाठी होडी द्यायला गावातल्या एकट्या हिराताई तयार झाल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्यांची होडी त्यांचा दीर दामोदर चालवायचा. घरातली तीच एक कमाई. तरी त्यांनी होडी दिली, वर चाचणीच्या सकाळी स्वतःही येऊन बसल्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, माझी होडी आहे, मी बघणार.

खाडीतून निघालो तेव्हा मोटर इतकी सुरेख चालत होती की दामोदर माझ्याकडे बघून हसला. आम्ही खाडीच्या तोंडाशी पोचलो, आणि एका लाटेचं पाणी जोडणीच्या पेटीत शिरलं. मोटर बंद झाली. ओहोटी जोरात होती. दामोदरनं वल्ही मारून पाहिली, नांगर टाकला, पण नांगर तळाशी धरेना. होडी आडवी होऊन काळ्या खडकांकडे सरकू लागली. मी पेटी उघडून घाईघाईनं वायरी पुसत होतो, त्यात पाना हातातून सुटून समुद्रात गेला. त्या क्षणी मला नोकरी आठवली नाही, कौलही आठवला नाही. मागायचं असं काही सुचेचना. मी नुसता म्हणालो, “आई, तू बघ आता.” आणि मोठ्यानं म्हणालो असणार, कारण हिराताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

थोड्याच वेळात मागून इंजिनाचा आवाज आला. दिघीची एक होडी खाडीतून बाहेर पडत होती. तिच्यावरच्या म्हाताऱ्या नाखव्यानं आम्हाला पाहिलं, खडकांच्या अगदी जवळ होडी घातली आणि दोर फेकला. आम्ही ओढले जाऊन शांत पाण्यात आलो, तेव्हा मी हात जोडले. इस्माईलचाचा त्यांचं नाव. ते म्हणाले, “मला कशाला हात जोडता? सकाळपासून माझं इंजिन लागत नव्हतं. आत्ता कुठं लागलं. नाहीतर या वक्ताला मी पार लांब असतो.” एवढं बोलून ते परत आपल्या वाटेला लागले.

त्या दुपारी मी देवळाच्या ओट्यावर बसून होतो. कौल स्पष्ट होता. मोटर बंद पडली होती, म्हणजे जायचं. पण फोन करायला हात उचलत नव्हता. तेवढ्यात हिराताई नारळ घेऊन आल्या. मी त्यांची माफी मागितली आणि माझी मोटर उतरवून होडी उद्याच पहिल्यासारखी करून देतो म्हणालो. त्यांनी शांतपणे नारळ देवीपुढे ठेवला आणि मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

“मोटर बंद पडली, होडी फुटली न्हाय,” त्या म्हणाल्या. “आपण तिघं घरी आलो. आता त्या पेटीत पाणी शिरणार न्हाय, असं कायतरी कर. होडी तुझ्याकडंच हाय, दादा.”

मी देवीला हो किंवा नाही विचारलं होतं. तिनं माझ्या प्रश्नाकडे लक्षच दिलं नाही, तीन माणसं तेवढी सुखरूप परत आणली. एका माणसाचं इंजिन सकाळभर का लागलं नाही, हे मला सांगता येणार नाही. योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. पण त्याच ओट्यावरून मी साहेबांना फोन केला, मनापासून आभार मानले आणि येणार नाही म्हणून कळवलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग उद्यापासून लवकर उठा.”

पेटी नव्यानं बनवायला पावसाळा गेला. नारळी पौर्णिमेनंतर हिराताईंची होडी त्याच खडकांना वळसा घालून मासळी घेऊन आली. आज आमच्या मोटरी खाडीतल्या काही होड्यांवर चालतात. काही अजूनही बिघडतात, मग मी जाऊन दुरुस्त करतो. धंदा उभा राहीलच, याची खात्री मला आजही नाही. पूर्वी या विचारानं झोप उडायची, आता उडत नाही. शरण जाणं म्हणजे काम टाकून बसणं असा माझा समज होता. आता कळतं की काम पूर्ण माझं आहे, आणि ते मी जीव ओतून करायचं आहे. त्यापुढचं तिचं. सकाळी कारखान्याचं दार उघडण्याआधी मी देवळात जातो. आता तिला काही विचारत नाही. आज काय करणार आहे, तेवढं सांगतो आणि कामाला लागतो.